मालकांचं वजन

१४ सप्टेंबर, दुपार
...काठी त्याने दातांत धरली आणि सोडेना. बसमधले पाहुणे खूश. शेवटी बुयान उभा राहिला, बिअर प्यायला, टाळ्या पडल्या. माझ्या खाणावळीचा जीव म्हणजे हे अस्वल. माझाही त्याच्यावर जीव आहे. नवी काठी आणायची. जाड.

१५ सप्टेंबर
म्हातारा येरेमेय शिकारी मासे द्यायला आला. मी म्हटलं, तुमच्या नदीवरच्या अस्वलांपेक्षा माझं अस्वल सुखी. तर ओरडलाच, "हळू बोल! त्याचं नाव घेऊ नये. ऐकतो तो." इथले लोक अस्वलाला अस्वल म्हणत नाहीत, मानाने दुसरंच काहीतरी म्हणतात. काय ते सांगत होता, तेवढ्यात बस आली. राहून गेलं.

१९ सप्टेंबर
दुकानात मासळीवाली झोया मावशी शेजारणीला सांगत होती, "मालक किती वाळलेत गं! बघवत नाही. तीन पावलांच्या जागेत कसा जीव रमणार?"
खोली लहान आहे, खरं. वाळलोय म्हणावं तर पट्टा सैल करायला दोन भोकं नवी पाडलीत. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझी काळजी केली.
संकल्प: गावाशी गोड बोलायचं.

२३ सप्टेंबर
नदीला मासे चढलेत. पलीकडच्या काठावर सहा जंगली अस्वलं दिवसभर मासे मारून फुगतायत. बुयान गजांतून तिकडेच बघत बसतो. त्याला त्यांची कीव येत असावी. त्याला पाव आणि उरलेलं सूप आयतं मिळतं.
पिंजऱ्यावर नवी पाटी लावली: 'चारशे किलोचा राक्षस'. वसंतात मासळीच्या काट्यावर एकशे साठ भरला होता. पण एकशे साठ बघायला बस कशाला थांबेल?

२ ऑक्टोबर
झोया मावशी कागद घेऊन घरोघर फिरतेय. वर मोठ्या अक्षरांत: 'मालकांची सुटका करा.' डोळे भरून आले. विचारलं, सुटका कशातून? म्हणाली, "तुला दिसत नाही?"
दिसतं. पाहुणे, भांडी, हिवाळा.
पहिली सही मीच ठोकली. मावशी बघतच राहिली. "अर्कादी, तुझ्यात माणूस आहे म्हणायचा!" येरेमेयने डोक्यावरची टोपी काढली.
संकल्प: सत्काराला निळा कोट.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
निळा कोट घालून दारात उभा होतो. गाडी आली ती प्राण्यांच्या निवाऱ्याची. सोबत डॉक्टरीणबाई. बुयानला न्यायला! त्यांनी माझीच सही दाखवली. कागदावर मालक लिहायचं आणि न्यायचं अस्वल. या लोकांना भाषाच येत नाही.
सगळं गाव जमलेलं. गैरसमज झाला म्हणालो असतो तर जन्मभर हसले असते. म्हणालो, कल्पना माझीच.
बाईंनी वजन विचारलं, झोपेच्या इंजेक्शनसाठी. बुयान कोपऱ्यात पाठ करून बसलेला. डोक्यावर पाटी. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.
म्हटलं, चारशे.
"नक्की? एवढा वाटत नाही."
झोया मावशी मध्येच, "अहो बाई, नुसती लोकर आहे ती! आत काही नाही."
मी म्हटलं, "अकरा वर्षं तुम्ही सांभाळलंय की मी?" वजनाच्या फॉर्मवर सही करून दिली.
बुयान लगेच झोपला. इतका गाढ कधीच झोपला नव्हता. हिवाळ्यातसुद्धा मी झोपू देत नसे, पाहुणे असायचे. सहा माणसांची तयारी होती, तिघांनीच उचलला.

१० ऑक्टोबर, सकाळ
झोया मावशी दारोदार रडत सांगतेय, मालक गेले. गाडीतच, पूल ओलांडायच्या आत.
मी सहालाच उठलोय. चहाही झाला. खिडकीत जाऊन उभा राहिलो, रस्त्यावरून नीट दिसेन असा.
कुणी वर पाहिलं नाही.