घाईतला दुभाषा

प्रिय नंदीश,

तुझा मेसेज मिळाला. ‘अक्का, माझ्याकडे चालतंय, कंपायलर बदलून बघ.’ बदलला रे बाबा. जुना टाकला, नवा टाकला, मधला टाकला. जुना कंपायलर प्रोग्रामचा मूळ कोड घेतच नाही, मधला अर्ध्यात मान टाकतो आणि नवा बिनतक्रार सगळं बांधून देतो, पण चुकीचं. चूक माझ्या कोडात असती तर मी गप्प बसले असते. तुझ्याकडे बंगळुरात चालतंय, याचा इथं मुरुम गावात काय उपयोग?

ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला तेव्हा तूच म्हणालास, ती टाइप करेल आणि कॉम्प्युटर बोलेल. तुला म्हणायला काय जातं? मोबाइलवरची अक्षरं तिला बारीक वाटतात, तिला मोठा कीबोर्डच हवा, आणि तयार प्रोग्राम आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. म्हणून कॉलेजातून शिकवून आले की मी तो बोलणारा प्रोग्राम मूळ कोडापासून बांधत बसते. कंपायलर म्हणजे कोण, असं आईनं टाइप करून विचारलं. मी सांगितलं, दुभाषा; माझं लिहिलेलं मशीनला समजावून देतो. त्यावर तिनं लिहिलं की आपल्या बाजारातले कानडी-मराठी बोलणारे अडते याच्यापेक्षा बरे.

हा दुभाषा वेग वाढवायला गेला की वाक्याचा शेवट गिळतो. आईनं ‘मला भात नको’ लिहिलं, मशीन म्हणालं ‘मला भात’. मी वाढलाही. तिनं आधी ताटाकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की आवाजाची गरजच पडली नाही. शेजारचे सिद्रामप्पा काका हा तमाशा बघत होते. म्हणाले, ‘पोरी, हातानं खुणा केलेल्या बऱ्या की गं.’ मला रडूच आलं, रागानं.

शेवटी आवाजाच्या त्या एका फाइलपुरतं ऑप्टिमायझेशन, म्हणजे त्याची ती वेगाची घाई, बंद केलं. आता शब्द पूर्ण येतात, पण मशीन इतका वेळ घेतं की दूधवाला कोपऱ्यावरून वळल्यावर ‘उद्या जास्त दूध दे’ असं आम्हालाच ऐकू येतं. आई तरीही खूश आहे. वैताग फक्त मला.

काल कॉलेज लवकर सुटलं. दारातूनच दिसलं, आईनं तुला फोन लावला होता, स्पीकरवर ठेवून ती भराभर टाइप करत होती. तू दोनदा हॅलो म्हणालास, ‘चुकून लागला वाटतं’ असं पुटपुटलास आणि फोन ठेवलास. त्यानंतर मशीन बोललं, ‘नंदीश, मी आई बोलतेय.’ मला पाहिल्यावर ती उगाच कीबोर्ड पुसायला लागली. तो कामात असतो, त्याला सांगू नकोस, असं तिनं मला लिहून दाखवलं. मी सांगतेय. कंपायलरचं मी बघेन, नाहीतर तू बघ. पण आईचा फोन आला आणि पलीकडे कुणीच बोललं नाही, तरी ठेवू नकोस. थोडा थांब.

तुझीच,
शिवानी अक्का