राणीशी कोणी लढेना

रविवार, ८ मार्च

आज पुन्हा पचका! आठवडाभर ऑफिसात साहेबाची नजर चुकवून नकाशा काढला — किल्ला, भुयार, आत काळी राणी. वीस बाजूंचा नवा फासा आणला. माझी ठकी आणि वरच्या मजल्यावरची जुळी, तिघं सात वर्षांची, टेबलाभोवती बसली. मी गोष्ट सांगायची, ती तिघं वीर, जमलं की फसलं ते फासा ठरवणार. माझा एकच नियम — मुलं जे करू म्हणतील त्याला मी नाही म्हणायचं नाही. तिथंच अडकलो! किल्ल्याच्या दारात पहाऱ्याला एक कुत्रा ठेवला होता. सबंध दुपार तिघं त्या कुत्र्याला आंघोळ घालत बसली. राणी आत ताटकळत.

लेक सहाला आईकडे परत गेली. घर पुन्हा खायला उठलंय.

बुधवार, ११ मार्च

ठकीच्या आईचा फोन. "रविवारी पोहण्याचा क्लास आहे. तिच्या मैत्रिणी जातात. तिलाच ठरवू दे."

तिलाच ठरवू दे म्हणे! एवढ्याशा पोरीला! आठवडा सगळा तुझा, एक रविवार माझा, त्याच्यावरही डोळा. घर घेतलंस, पोर घेतलीस — जाऊ दे. लिहितानासुद्धा डोकं फिरतं.

रविवार, १५ मार्च

आज राणीला बाहेर काढलंच. आवाज कुणाचा लावला ते मला पक्कं ठाऊक होतं. "डोकं उठवू नका माझं! तुमच्यापायी माझं वाटोळं झालं!" जुळी खिदळली. ठकीला म्हटलं, तलवार काढ, टाक फासा. तिनं तो मुठीतच धरून ठेवला.

"मला नाही मारायचं तिला."

"अगं, तिनं सगळं राज्य लुबाडलंय!"

"तिला विचारू या ना, जेवलीस का?"

नियम मोडला मी. नाही म्हणालो. केवढ्यांदा ओरडलो! जुळी उठून घरी पळाली. ठकीनं मुकाट्यानं सोंगट्या डब्यात भरल्या, रंगवार लावून. इतकं शहाण्यासारखं वागायला हिला कोणी शिकवलं?

गेली आता पोहायला. माझ्याच हातानं घालवली.

मंगळवार, १७ मार्च

पुन्हा फोन. मी भांडायच्याच तयारीत. ती मात्र हळू बोलत होती. म्हणाली, ठकी मैत्रिणींना जमवून हाच खेळ खेळवते, गोष्ट सांगणारी ती स्वतः. तिच्या गोष्टीत डोंगरावर एकटा राक्षस राहतो. त्याला मारायचं नाही. रविवारी त्याच्याकडे जायचं, तो म्हणेल ते खेळायचं, ओरडला तरी रडायचं नाही.

क्लासला ठकी नको म्हणाली. "मग बाबांकडे कोण जाणार?"

घ्या! जिंकलो.

बुधवार, १८ मार्च

मीच फोन केला. म्हटलं, घाल तिला क्लासला. सांग, बाबांना रविवारचं ऑफिस लागलंय.