बारा किलोंचे मशीन आणि चोवीस इंची दार

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार.

चार माणसांच्या घराला किती किलोंचे वॉशिंग मशीन लागते? तीन आठवडे अभ्यास करूनही मला याचे उत्तर देता येत नाही, हे आधीच कबूल करते. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? तुमच्या लॉजच्या नऊही खोल्या भरलेल्या असाव्यात (चादरी जितक्या जास्त तितके बरे, कारण पुढे येईल). इकडे सगळे ठीक, आईचे मनगट सोडून.

डॉक्टरांनी कपडे पिळणे बंद करायला सांगितले, आणि आईने तोंडाने हो म्हणून हाताने पिळणे चालू ठेवले. बाबांचे गॅरेजमधले तेलकट कपडे आणि दादाचे बेकरीतले पांढरे कपडे एकत्र धुता येत नाहीत, म्हणून रोज दोन बादल्या. आता पट्टा बांधूनही तिला चहाचा कप उजव्या हाताने उचलता येत नाही. तेव्हा मशीन घ्यायचे ठरले, आणि तुम्हीच फोनवर म्हणालात, "निवडू दे पोरीला. पदवी काय भिंतीवर टांगायला घेतली?" (ती टांगलेलीच आहे, पण मुद्दा तो नाही.)

दुकानात दिसेल ते उचलणे मला मान्य नव्हते. आधी गरज मोजावी, मग बजेट ठरवावे, मग वस्तू पाहावी, ही माझी पद्धत. म्हणून सात दिवस रोज सकाळी मी घरातले धुणे मोजले. वजनकाट्यावर आधी एकटी उभी राहायचे, मग दोन्ही बादल्या घेऊन, आणि वजाबाकी करायचे. रिकाम्या बादल्यांचे वजनही वजा करायला विसरले नाही. तक्ता केला, सरासरी काढली: साडेदहा किलो. आई मोरीच्या दारात उभी राहून पाहायची. एकदा तिने काही बोलायला तोंड उघडले आणि मिटले. दादा न सांगता माझ्या मागे फरशी पुसायचा (त्याला हाही पद्धतीचाच भाग वाटला असावा).

दुकानदार म्हणाला, "चार माणसं ना, ताई? सात किलोंचं भरपूर झालं." आता सांगा, विकणारा माणूस स्वतःहून स्वस्त वस्तू घ्या म्हणतो, यात काहीतरी काळेबेरे असणारच. कॉलेजात मी ग्राहकांच्या हक्कांवर निबंध लिहिला होता, बक्षीसही मिळाले होते. मी तक्ता त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, माझ्याकडे पाहिले, बाबांकडे पाहिले, आणि बारा किलोंचे मशीन दाखवले. बाबा बजेटबद्दल काही बोलणार होते, पण तक्ता पाहून त्यांनी पैसे मोजले.

मशीन घरी आले. ते सव्वीस इंच रुंद, मोरीचे दार चोवीस. (दार मी मोजले नव्हते. तक्त्यात दाराचा रकाना नव्हता.) प्लंबरने दोन्हीकडे पाहून विचारले, "मशीन कापू की भिंत?" खोके फोडल्यावर दुकानदार परत घेईना, यात त्याची चूक नाही. त्यामुळे मशीन बाहेरच्या खोलीत राहिले. बाबांनी त्यावर टीव्ही ठेवला आणि आल्यागेल्याला सांगू लागले, "बारा किलोंचं आहे. पोरीनं अभ्यास करून आणलंय." आई तिथून सहा पावलांवर बसून कपडे पिळत होती.

शेवटी मी तिच्यापुढे तक्ता धरला आणि विचारले, चार माणसांचे धुणे इतके होतेच कसे? ती हात पुसत म्हणाली, "अगं, मी ते रात्रीच भिजत घालते ना. तू पाणी मोजलंस."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, कॉलेजात ओलंच मोजायला शिकवत असतील."

चौकशीअंती कळले की बाबांच्याही लक्षात आले होते, आणि फरशी पुसणाऱ्या दादाच्या तर पहिल्याच दिवशी. कोणी बोलले नाही, कारण शिकलेली मुलगी करते म्हणजे त्यात काहीतरी कारण असणार. मामा, मला हसू आले नाही. मी कोरडे कपडे पुन्हा मोजले. पावणेतीन किलो भरले.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जपा, आणि जिने चढताना कठड्याला धरा.

तुमची भाची

ता. क. मामींचे सहा किलोंचे मशीन चादरींसाठी दिवसातून पाच वेळा चालवावे लागते, असे त्या म्हणाल्या होत्या. परवा मी फोन करून त्यांना ते पट्टीने मोजायला लावले. बावीस इंच. तुमच्या धुण्याच्या खोलीचे दारही मोजायला लावले. तीस इंच. कशाला, हे त्यांना सांगितले नव्हते.

ता. क. २. हे पत्र ज्याने तुमच्या हाती दिले तो टेम्पोचा ड्रायव्हर आहे. बाहेर बघा. मामींचे मशीन घेतल्याशिवाय परत येऊ नका, असे त्याला बजावले आहे.

ता. क. ३. आई आता मला प्रश्न विचारू लागली आहे. आत्ताच तिने विचारले, "मामाकडचं दार मोजलंस का?" हो म्हणाले. मग तिने विचारले, "आणि मामाला विचारलंस का?" पत्रात विचारले आहे, असे मी सांगितले. मी खोटे बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून विचारते: मामा, चालेल ना? ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. बारा किलोंचे मशीन टेम्पोत चढवून, दोरीने बांधून झाले आहे.