अण्णाच्या मशीनला जॉयस्टिक

८ फेब्रुवारी २०२५, उदगीर
मशीन विकणार नाहीत. खुद्द गौरम्मावहिनींनी सांगितलं, म्हणजे पक्कं.
माझा थोरला भाऊ मन्मथअण्णा पडला, पाय गेले, तेव्हापासून त्याचं खोदाईचं मशीन अंगणात उभं आहे. पायांचं तो बोलत नाही. काम सांगायला कुणी येत नाही, हे त्याला लागतं. 'लोकांनी मला मेल्यात धरलंय का रे?' — एकदाच म्हणाला.

९ फेब्रुवारी
त्याची लेक शिवानी नांदेडहून आली. इंजिनिअरिंगला आहे. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर आणि खेळाच्या दोन जॉयस्टिक घेऊन! जॉयस्टिक हलवली की कॉम्प्युटर तेलाच्या व्हॉल्व्हला हुकूम देतो, मशीनचा हात हलतो. अण्णाने चाकाच्या खुर्चीतून चालवायचं.
वहिनी कॉम्प्युटरलाच कुंकू लावत होत्या. शिवानीने मध्ये हात घातला. मग त्याच्या रिकाम्या खोक्याला लावलं.

१२ फेब्रुवारी
पहिली चाचणी. न्हाणीची भिंत गेली.
अण्णाने मशीनची बकेट उचलायला जॉयस्टिकची दांडी मागे ओढली — बकेट खाली! खेळात पुढे म्हणजे वर, शिवानीने तसंच बसवलेलं. मशीनच्या लिव्हरला पुढे म्हणजे खाली. तिने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. बापलेक शोभतात! तिने मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं म्हणून पाण्याची टाकी वाचली.
अण्णाचा चेहरा उतरला. वहिनी भिंतीकडे बघून म्हणाल्या, "पाडलाव तर नीट पाडा. अर्धी ठिवून काय करू?"
शिवानीने दिशा उलटवली. अण्णाने उरलेली भिंत पाडली, टाकीला धक्का न लावता. किती दिवसांनी हसला!

१३ फेब्रुवारी
गोणपाटाच्या आडोशाला अंघोळ. पाणी गार. अण्णा खूश.

१६ फेब्रुवारी
रोज खड्डा काढतो, बुजवतो, परत काढतो. बकेट आता हळू टेकते. शेजारचे ईश्वरप्पा ओट्यावरून विचारतात, "मन्मथ, गेम जिंकलास का रे?"
"तुमच्याशी खेळलो तर रोज जिंकंन, आप्पा."
गंमत बघायला सगळे येतात. काम मात्र कुणी सांगत नाही. माझी रजा संपत आली, पेपरच्या ऑफिसात परत जायचंय. पाय निघत नाही.

१८ फेब्रुवारी
पहाटे ईश्वरप्पांच्या पत्नी कमलम्मा गेल्या.
आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून माती देतात, खड्डा सरळ उतरावा लागतो. ईश्वरप्पा स्वतः आले. खुर्चीसमोर उभे राहिले.
"मन्मथ, तिच्यासाठी तूच काढ."
शिवानी वायरी तपासतेय. मशीन आत्ता ईश्वरप्पांच्या रानाकडे निघेल, मागून अण्णाची खुर्ची. चारला माती.