आबासाहेबांच्या छावणीत मी काढलेली मापं

गुरांची छावणी, ता. पाथर्डी
बुधवार, १४ फेब्रुवारी १९७३

ती. दत्तूमामांना उभ्यानेच नमस्कार (साष्टांग घालायला शेणाशिवायची जागा इथे नाही). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? मी तब्येतीने ठीक आहे, पण दोन दिवसांत असा शॉक बसलाय की तुम्हालाच लिहायला बसलो.

इथले आबासाहेब सत्तरीचे. जन्मभर गुरं पाळली, आणि या दुष्काळात स्वतःची विहीर नि माळ देऊन लोकांची दोनशे गुरं सांभाळतायत. नियम एकच, गवत बघून गुरं ठेवायची आणि चांगल्या सालातला कडबा वाईट सालाला राखायचा. (माझ्या अमेरिकन पुस्तकाला हेच सांगायला एकोणीस पानं लागलीत.) ते पुस्तक घेऊन मी मदतीला आलो. वजनाप्रमाणे वैरण दिली तर देवळाली प्रवरेहून ट्रकने येणारं उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) वाया जाणार नाही, असा माझा प्लॅन. पुस्तकासोबत टेप होती, छातीचा घेर मोजला की वजन कळतं. शेजारी मांस किती निघेल तेही छापलंय (तिकडे गुरं त्यासाठीच पाळतात), आणि मला आकडा दिसला की मोठ्याने वाचायची सवय. राहीबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्या बैलाचं मी वाचलं, वजन तीनशे दहा, मांस एकशे साठ. त्या म्हणाल्या, "मांस कुनाला रं बाबा?" मी म्हणालो, नुसतं माहितीसाठी. (याहून वाईट उत्तर मला सापडलं नसतं.)

सकाळी बघतो तर सगळे खुंटे रिकामे. मी कसायाचा माणूस, असं ठरवून लोक गुरं घेऊन गावाकडे निघालेले, जिथे ना चारा ना पाणी. आबासाहेब चार मैल चालत मागे गेले, त्यांच्यामागे मी. वाटेत एक वासरू गुडघ्यावर बसलं ते उठेना. मामा, ते माझ्यामुळे बसलं होतं. आबासाहेबांनी ते खांद्यावर घेतलं, लोकांना ओढ्यापाशी गाठलं, माझ्याकडे टेप मागितली आणि सगळ्यांदेखत माझ्याच छातीला गुंडाळली. "ह्यो कसायाचा मानूस? अरं, ह्येच्यात हाडकंच लई. कसाई दारात उभा करायचा न्हाई ह्येला."

राहीबाई म्हणाल्या, "आदी खायला घाला त्याला." लोक हसले, गुरं वळली. वासरू आता उभं राहतं.

आपला,
शिरीष

ता. क. गुरं वळली ती एका अटीवर. रविवारपर्यंत माझ्या घरच्या वडीलधाऱ्याने येऊन, बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगायचं की आमचा कसायांशी संबंध नाही. नाहीतर सोमवारी छावणी परत रिकामी. शनिवारच्या एस.टी.ने या. बाबांना कळवू नका, ते समजतात मी होस्टेलवर अभ्यास करतोय.

आणखी एक ता. क. तुम्ही बुटांच्या कंपनीसाठी बावीस वर्षं कातडी खरेदी करताय हे मला माहीत आहे, पण माझ्यासाठी धावून येणारं दुसरं कोणी नाही. आबासाहेबांना मी खरं सांगून टाकलं. ते बराच वेळ वासराला खाजवत बसले, मग म्हणाले, "येऊ दे. पन बूट घालून येऊ नका म्हनावं."