ईटच्या दवाखान्याचं दार

९ जानेवारी १९६१, सोमवार. मुक्काम ईट, तालुका भूम

नकाशा झाला! वरून आलेला ठराविक नकाशा बाजूला सारला, चावडीवर सगळ्या गावाला विचारलं आणि स्वतःच्या डोक्यानं काढला. इमारत एकच. डाव्या हाताला करमणूक केंद्र— रेडिओ, वर्तमानपत्रं, कॅरम. उजव्या हाताला दवाखाना. दोन्हींपुढं एकच लांबलचक ओसरी, चावडीकडं तोंड करून. रोगी नंबर येईपर्यंत रेडिओ ऐकेल, रेडिओ ऐकायला आलेला जाता जाता खोकला दाखवून घेईल. एका दगडात दोन पक्षी! ओव्हरसियर होऊन सहा वर्षं झाली, पण माझं म्हणावं असं हे पहिलंच काम.

सध्या डॉक्टर दर शुक्रवारी भूमहून येतात आणि चावडीतच टेबल मांडतात. सरपंच हिंमतराव नकाशा बघून म्हणाले, "झकास! असली बिल्डिंग भूमात बी न्हाय." महानंदेलाही दाखवला. "छान आहे," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. बायकोला नकाशातलं काय कळणार!

११ जानेवारी

आज जागेवर फक्की मारली. चाँदपाशा गवंड्यानं दोरी धरली, मी चुन्याच्या रेघा ओढल्या. सगळी इमारत जमिनीवर, खऱ्या मापात! म्हातारी मंडळी लगेच न बांधलेल्या ओसरीत जाऊन बसली, तंबाखू मळायला लागली. असं कौतुक कधी झालं नव्हतं.

१३ जानेवारी

मागच्या भिंतीची रेघ पुसली गेलीय. बाकी सगळ्या शाबूत. शेळ्या! पुन्हा मारली.

१४ जानेवारी, संक्रांत

पुन्हा पुसली, त्याच जागी. तिळगूळ खाल्ला, पण गोड बोलणं जमलं नाही. बाभळीच्या काट्या टाकायला लावल्या.

१६ जानेवारी

काट्या बाजूला! फेकलेल्या नाहीत, एकावर एक नीट रचलेल्या. चाँदपाशा हसू दाबत म्हणाला, "साहेब, शेळी काट्या उचलून रचती व्हय?"

उद्या स्वतः पहारा देतो.

१७ जानेवारी

दिवस उगवताना जाऊन बसलो. विहिरीकडून बायका आल्या, डोक्यावर घागरी, एकीमागं एक— आणि सरळ माझ्या भिंतीतून पार! मी ओरडलो. सगळ्या पदर ओढून जागच्या जागी थिजल्या. मग शरिफाबी पुढं आली. गावची सुईण, अर्धा गाव तिच्या हातावर जन्मलाय.

"वरडू नको, बेटा. ही बायांची वाट हाय. पुढं चावडी. तिथं सासरे, दीर बसत्यात. तिकडनं सून जात न्हाय. माझे केस पिकले, तरी म्या चावडीपुढनं गेले तर पायातलं काढून हातात घेते. अन् तुझा दवाखाना उघडतोय पुढनं. बायकी दुखणं घेऊन त्या वसरीत कोन बसंल?"

"मग आजारी बायका आत्ता काय करतात?"

"काय करत्यात? बऱ्या होत्यात, न्हायतर मरत्यात." घागर कमरेवर घेतली. "गेल्या साली दोघी गेल्या माझ्या हातातनं. एक तर शुक्रवारीच. डाक्टर चावडीत व्हता. शंभर पावलं बी न्हाय."

राग आला. आधी तिचा, मग माझाच. सगळ्या गावाला विचारून नकाशा काढला म्हणून छाती फुगवून हिंडत होतो. विचारलं कुणाला? पागोट्यांना!

१८ जानेवारी

दिवसभर मान वर केली नाही. दवाखाना सबंध फिरवला. दार मागं, अगदी त्या वाटेवर. त्याला वेगळी पडवी, पडवीला आडभिंत. रेडिओ आणि दवाखाना यांच्यामध्ये दीड फुटी दगडी भिंत, तिला दार नाही, खिडकी नाही. बाळंतिणीची खोली पार कोपऱ्यात. पुरुष रोग्यांनी वळसा घालून यावं, त्यांचे पाय काही झिजत नाहीत.

पहिल्यापेक्षा हा नकाशा चांगला आहे. खरंच चांगला आहे. आपलं डोकं चालतं, फक्त त्याला उशिरा कळतं!

२० जानेवारी, शुक्रवार

हिंमतराव भडकले. "दवाखान्याला मागचं दार? औषध काय चोरून घ्यायचंय? सायबलोक आले तर काय दाखवायचं त्येंला, पाठ?"

मी वाद घातला नाही. डॉक्टर चावडीत बसलेच होते, त्यांची वही मागून घेतली आणि हिंमतरावांपुढं ठेवली. सहा महिन्यांची नावं. ईटची एकही बाई नाही. "तुमच्या घरात तीन सुना," मी म्हटलं, "एकीलाही सहा महिन्यांत काही दुखलं नाही?"

पानं उलटत बसले. मग म्हणाले, "धाकटी गेल्या आठवड्यापासनं आंथरुणाला हाय." आणि उठता उठता— "ठिवा दार मागं. कोन बोललं तर माझं नाव सांगा."

जिंकलो!

४ फेब्रुवारी

मंजूर! वर पाठवलेल्या नकाशावर साहेबांनी शेरा मारलाय— 'कल्पक योजना. इतर गावांनीही पाहावी.' शरिफाबीला वाटेत गाठून सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. रस्त्यात! लाज वाटली आणि लई बरंही वाटलं.

५ फेब्रुवारी, रविवार

महानंदेनं आपणहून नकाशा उलगडायला लावला. मागच्या दारावर बोट ठेवून विचारलं, "हे बांधून व्हायला किती दिवस लागतील?"

"वर्ष तरी," मी ऐटीत म्हणालो.

तिनं नकाशाची गुंडाळी केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "चार महिने झाले, अंगावरून जातंय. थांबतच नाही. वर्षभर कळ नाही निघायची माझ्यानं."

उद्या पहिल्या गाडीनं तिला घेऊन बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात.