पेटीतलं वरचं वचन

१२ डिसेंबर

धाकटा म्हणतो, एक तारखेला चर्चला येतो! कुठेतरी पाणी मुरतंय.

चौतीस वर्षं त्याने उंबरा शिवला नाही. माझा सख्खा भाऊ, पण प्रभूचं नाव काढलं की कपाळाला आठी. आणि आज स्वतःहून — "दादा, ते नव्या वर्षाचं वचन काढता ना तुम्ही पेटीतून? मलाही काढू दे एक. बघू तुझा देव काय म्हणतो."

"बघू" म्हणाला. त्या "बघू"तच सगळं आलं. नोकरीभर दुकानादुकानांतून वजनं-मापं तपासत हिंडला. तराजू दिसला की आधी पारडं उलटं करून बघणार. आता देवाची तपासणी करायला निघालाय की काय?

सात जानेवारीला त्याच्या पोटाचं ऑपरेशन. डॉक्टरांनी निम्मी-निम्मी आशा धरायला सांगितली आहे. म्हणजे हातात सव्वीस दिवस. आत्म्याच्या तारणावाचून गेला तर? 

१३ डिसेंबर

पुठ्ठा कापला. छत्तीस कार्डं. दरवर्षी हे काम माझंच — पाट्या रंगवणारा दुसरा आहे कोण चर्चच्या मंडळीत? शाळा चौथीत सुटली, अक्षर मात्र दुकानांवरच्या पाट्या बघून बघून कमावलं. एका कार्डावर बायबलमधलं एक वचन. एक तारखेला पेटी फिरते. डोळे मिटायचे, हात घालायचा, निघेल ते उभं राहून वाचायचं. वर्षभर ते आपलं.

काय ठरवून येणार आहे हा?

१६ डिसेंबर

त्याच्याकडे जाऊन आलो. दारातच भावजय — "भाऊजी, चपला बाहेरच. आत्ता पुसलंय."

हळूच विचारलं, याच्या मनात आहे तरी काय?

"मला काय विचारता? माझी चाळीसच वर्षं झाली. तुम्ही तर त्याला झबल्यात पाहिलंय!"

आतून आवाज — "कुजबुज कसली चाललीय? अजून ऐकू येतं मला!"

खुर्चीत बसला होता. सदरा खांद्यावरून उतरलेला. किती वाळलाय! मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, अरे, तारण कमवावं लागत नाही. प्रभूने फुकट देऊ केलंय. आपण नुसता हात पुढे करायचा.

"फुकट?" हसला. "दादा, फुकट देणाऱ्याचं माप मी आधी तपासायचो."

मग तेच जुनं. "तुमच्या त्या किराणावाल्याचं काय झालं रे?"

काय होणार? वारला बिचारा. मंडळीतला मोठा माणूस होता, प्रार्थना सांगायचा. धाकट्याने त्याच्या पारड्याखालचं चुंबक पकडलं. सगळी मंडळी धाकट्याच्याच मागे लागली — मिटव, आपलाच माणूस आहे. मीही गेलो होतो सांगायला. क्षमा कर म्हणालो. त्याने कागद पुढे पाठवले, आणि त्या रविवारपासून चर्चमधल्या बाकावरची त्याची जागा रिकामी.

आज तो विषय निघताच उठलो, चपला घातल्या. 

१९ डिसेंबर

थट्टा करायला येतोय. नक्की! सगळ्यांसमोर वचन वाचणार आणि फिदीफिदी हसणार.

२१ डिसेंबर

कार्डं लिहितोय आणि धास्ती वाढतेय. सगळीच वचनं काही त्याच्या कामाची नाहीत. एक शेतातल्या पिकाचं आहे. एक शत्रूंची दाणादाण उडण्याचं. नेमकं तेच त्याच्या हाती लागलं तर? महिनाभर चघळेल! आणि महिना तरी आहे कुठे त्याच्याकडे...

एक विचार आलाय. घरी परतण्याचं वचन आहे — दूर गेलेल्याला बाप हाक मारतो ते. ते सगळ्यात वर ठेवायचं. पेटी त्याच्यापुढे पहिली धरायची, जरा कलती. कार्ड आपसूक बोटाला लागेल.

हिला सांगितलं. ही पोळपाट पुसत होती, थांबली. "म्हणजे पारड्याला अंगठा लावताय. तोही देवाच्या!"

"अगं, देवाचंच काम करतोय."

"मग देवाला करू द्या की!"

हिला काय कळतंय.

२५ डिसेंबर

नाताळ. धाकटा आला नाही. म्हणजे एक तारखेलाच यायचंय! का? चर्चचे पाळकसाहेब कुणाशी तरी बोलत होते, मला पाहून थांबले. परस्पर त्याच्या घरी जाऊन आलेत म्हणे. मला न सांगता! काय शिजतंय या लोकांचं?

२८ डिसेंबर

ते एक वचन तीनदा लिहिलं. पहिल्याला शाई फुटली, दुसरं वाकडं गेलं. तिसरं असं उतरलंय की दगडालाही वाचावंसं वाटेल.

१ जानेवारी

आला. भावजयीचा हात धरून, पायरी-पायरीवर थांबत. मागच्याच बाकावर बसला, दाराजवळ. पळायला सोपं!

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी पेटी उचलली आणि थेट मागे गेलो. म्हटलं, पाहुण्याचा मान पहिला.  वरचं कार्ड बरोबर पुढे सरकलेलं.

धाकट्याने कार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ओठाचा एक कोपरा वर गेला — लहानपणी माझ्या मुठीत गोटी कुठल्या हातात आहे ते ओळखायचा, तेव्हा जायचा तसा. मग शहाण्यासारखे डोळे मिटले, आणि हात मनगटापर्यंत आत! खालून, कडेने काय उचललं, मला दिसलंच नाही.

उभा राहिला. कार्डाकडे बघत राहिला. बराच वेळ. गाण्याला बाजा वाजवणारा म्हणाला, "वाचा की काका." तर हा कार्ड खिशात घालतो आणि म्हणतो, "घरी वाचतो. चष्मा नाही आणला."

चष्मा नाकावर होता!

वरचं वचन पोस्टमनच्या बायकोला गेलं. मला गाठून विचारते, "परत ये म्हणतोय हो देव. पण मी गेले कुठे होते?"

२ जानेवारी

माझ्याकडे यादी असते. जो जे वाचेल त्यावर मी खूण करतो. धाकटा सोडून एकोणतीस जणांनी काढली, एकोणतीस खुणा. पेटी उलटी केली, उरलेली सात. एकोणतीस आणि सात — छत्तीस. छत्तीसच लिहिली होती मी!

म्हणजे धाकट्याने माझं कार्ड काढलंच नाही. घरून काहीतरी खिशात घालून आणलेलं असणार. हातचलाखी! वजनं बदलणारे पकडण्यात जन्म गेला, त्यांच्याकडून एवढंही शिकला नसेल? मला सगळ्यांदेखत वेड्यात काढलं.

ही म्हणते, "सरळ विचारा ना त्यांना."

"खोटं सांगेल."

"मग जीव कशाला टाकताय एवढा?"

कशाला म्हणजे? भाऊ आहे माझा.

४ जानेवारी

काल त्याला दवाखान्यात भरती केलं. आज गेलो. दहा खाटांचा वॉर्ड, त्याची खिडकीकडची. दुरून पाहिलं तर मान खाली, हात मांडीवर. मी दिसलो आणि झटकन हात चादरीखाली! तपकीर असणार. डॉक्टरांनी बंद केलीय. जवळ जाऊन वास घेतला, तर औषधाचाच वास.

"काय हुंगतोस रे मांजरासारखा?"

विचारलंच शेवटी. कार्डावर काय होतं?

"आहे माझ्याजवळ."

"पण काय लिहिलंय?"

"दादा, तू रंगारी की फौजदार?"

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खो-खो हसला. मी उठून आलो. बसमध्ये डोळे भरून आले. राग होता की काय होतं, कुणास ठाऊक.

५ जानेवारी

पाळकसाहेबांना गाठलं. तुमचं आणि त्याचं बोलणं काय झालं? म्हणाले, "आजोबा, त्यांनी मला एकच विचारलं. प्रार्थनेला शब्द पाठ असावेच लागतात का."

हे त्याला कशाला हवंय? माझ्या प्रार्थनेची नक्कल करायला?

६ जानेवारी

उद्या. डोळ्याला डोळा लागणार नाही. प्रभू, तो नाही म्हणाला तरी तू त्याला सोडू नकोस.

७ जानेवारी

सकाळी सातला त्याला आत नेलं. त्याआधी त्याने कार्ड माझ्या हातावर ठेवलं. कोरं! उलटून पाहिलं, पाठही कोरी. लाकडाचा डाग लागू नये म्हणून पेटीच्या तळाला मी कार्डाएवढाच एक कोरा पुठ्ठा ठेवतो, तो. पेटी फिरवण्याआधी काढायचा राहिला. वरचं कार्ड पुढे आलेलं पाहून याने तळ गाठला होता.

म्हटलं, अरे, चुकलं माझं, थांब, तुला चांगलं वचन...

"नको. तू दर वाढदिवसाला वचन पाठवतोस. सगळी ठेवलीत मी. पण अक्षर तुझं ना, दादा. देव बोलतोय की तू, ते मला कधी कळलंच नाही. या कार्डावर कुणीच बोललेलं नव्हतं. म्हटलं, मग आपणच बोलावं. बोललो. रोज बोलतोय."

"काय बोललास?"

"ते आम्हा दोघांतलं."

त्या दोघांत मी नव्हतो. बाहेर बाकावर बसून लिहितोय. कधी नव्हे ते, आपण मधे नाही याचं बरं वाटतंय.